पेट-सीटी, पेट-एमआर रिकन्स्ट्रक्शनमध्ये पीएचडी करायचीय? पुण्यात बसून सुरुवात कशी करायची

फिजिक्समधून एमएस्सी केलेली, नाहीतर ईअँडटीसी, कॉम्प्युटर, इन्स्ट्रुमेंटेशनमधून बीई झालेली मुलंमुली हल्ली बऱ्याचदा विचारतात की पेट-सीटी किंवा पेट-एमआरच्या इमेज रिकन्स्ट्रक्शनमध्ये पीएचडी करायचीय, पुण्यातच राहतो, सुरुवात कुठून करू. पेट म्हणजे शरीरात किरणोत्सर्गी औषध कुठे किती साचलं ते दाखवणारा स्कॅन, त्याच्या जोडीला सीटी किंवा एमआर असतं, आणि मशीनने मोजलेल्या आकड्यांवरून चित्र काढणं म्हणजे रिकन्स्ट्रक्शन. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. क्रम मुद्दाम असा ठेवलाय कारण बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात, आधी न्यूरल नेटवर्क, मग डेटाची शोधाशोध, आणि मशीन कसं चालतं ते सगळ्यात शेवटी किंवा कधीच नाही. माझं याबाबत ठाम मत आहे. मशीनमधून आकडे कसे बाहेर पडतात हे ज्याला समीकरणात लिहिता येतं त्याचंच काम या विषयात टिकतं, आणि त्यासाठी पहिले काही महिने गेले तरी चालतील, ते वाया जात नाहीत.

पहिली पायरी: मशीन समजून घ्या

पेशंटला एफडीजी देतात, म्हणजे ग्लुकोजसारखा रेणू आणि त्याला जोडलेलं फ्लोरीन-१८, ज्याचं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटं. त्यातून पॉझिट्रॉन निघतो, थोडंसं अंतर जाऊन इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघं नाहीसे होतात आणि ५११ केईव्ही ऊर्जेचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. रिंगमधल्या दोन डिटेक्टरनी ते काही नॅनोसेकंदांच्या आत पकडले की मशीन नोंद करतं की या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी काहीतरी घडलं. कुठेतरी, एवढंच. टाइम-ऑफ-फ्लाइटवालं, म्हणजे दोन फोटॉनच्या पोचण्याच्या वेळेतला फरकही मोजणारं, मशीन असेल तर जागा थोडी आवळते, पण ४०० पिकोसेकंदांची अचूकता असली तरी साधारण ६ सेंटीमीटरच्या पट्ट्याच्या आत काही सांगता येत नाही. अशा कोट्यवधी नोंदींमधून चित्र आपल्याला काढायचं असतं. वाण्याकडून दहा पिशव्यांच्या फक्त बेरजा हाती आल्या आणि त्यावरून साखर, तूरडाळ, शेंगदाणे यांचा एकेकाचा भाव काढायचा, तसलं हे गणित आहे, आणि वरून प्रत्येक बेरजेत थोडी चूक असतेच.

आता या बेरजा बिघडतात कशा ते बघा, कारण पीएचडीचा निम्मा जीव इथेच आहे. फोटॉन वाटेतच शोषले किंवा विखुरले जातात, ते अॅटेन्युएशन. ५११ केईव्हीला पाण्याचा अॅटेन्युएशन कोइफिशंट साधारण ०.०९६ प्रति सेंटीमीटर आहे, म्हणजे पोटाच्या ३० सेंटीमीटर जाडीतून जाणाऱ्या रेषेवर शंभर जोड्यांपैकी जेमतेम पाच-सहा जोड्या दोन्ही बाजूंनी सुखरूप बाहेर पडतात. ही दुरुस्ती केली नाही तर शरीराचा आतला भाग काळवंडलेला दिसतो. मग स्कॅटर, म्हणजे वाटेत दिशा बदललेले फोटॉन, जे क्लिनिकल थ्रीडी पेटमध्ये नोंदींच्या ३० ते ४० टक्के सहज असतात. आणि रँडम्स, म्हणजे दोन वेगळ्याच घटनांचे फोटॉन योगायोगाने एका वेळी आले आणि मशीनला वाटलं जोडी आहे. नवीन माणसाला वाटतं की हे स्कॅटर आणि रँडम्स डेटामधून वजा करून टाकू. करू नका. वजा केलं की आकड्यांचं पॉयसाँ स्वरूप, म्हणजे मोजणीतल्या चढउताराचा ठराविक नियम, जातं, कमी काउंट्स असतील तर उणे आकडे येतात, आणि पुढचं सगळं स्टॅटिस्टिक्स लटकं पडतं. ते मॉडेलमध्ये बेरीज म्हणून ठेवायचे.

सीटी जोडल्याचा खरा फायदा अॅटेन्युएशनला होतो. डेव्हिड टाउनसेंड आणि रॉन नट यांच्या टीमचं पहिलं पेट-सीटी १९९८ मध्ये पिट्सबर्गला बसलं आणि काही वर्षांतच एकटं पेट जवळपास मागे पडलं, कारण सीटी काही सेकंदांत अॅटेन्युएशनचा नकाशा देतं. फक्त सीटीचे एक्स-रे कमी एनर्जीचे असतात म्हणून हाउन्सफील्ड आकडे, म्हणजे सीटीची मापं, ५११ केईव्हीला बायलिनिअर, म्हणजे दोन सरळ रेषांच्या, नियमाने बदलावे लागतात, हाडासाठी उतार वेगळा. एमआरमध्ये गोष्ट अवघड होते. एमआर प्रोटॉनचा सिग्नल मोजतं, घनतेशी त्याचा थेट संबंध नाही, आणि हाडाचा सिग्नल इतक्या लवकर मावळतो की नेहमीच्या सीक्वेन्समध्ये हाड आणि हवा दोन्ही काळीच. पूर्ण शरीराचं एकत्र पेट-एमआर २०१० च्या सुमारास बाजारात आलं, तेव्हापासून डिक्सन सीक्वेन्सवरून, म्हणजे पाणी आणि चरबी वेगळी दाखवणाऱ्या एमआर स्कॅनवरून, हवा, फुफ्फुस, चरबी आणि मऊ ऊती असे चार भाग पाडून काम भागवलं जातं, त्यात हाड मऊ ऊती समजलं जातं आणि हाडाजवळचं पेट कमी दिसतं. लवकर मावळणारा सिग्नलही पकडणारे यूटीई, झेडटीई सीक्वेन्स यासाठीच आले.

हे वाचून झालं की एखाद्या हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात जाऊन बघाच. पुण्यात पेट-सीटी असलेली हॉस्पिटलं आहेत, तिथल्या मेडिकल फिजिसिस्टना रीतसर पत्र द्या, रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची परवानगी घ्या, आणि कन्सोलच्या खोलीत एका कोपऱ्यात शांत बसा. पेशंट उपाशीपोटी आलेला असतो, इंजेक्शननंतर तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहतो, मग सीटी झपकन होतं आणि पेट एकेका बेड पोझिशनला दोन-तीन मिनिटं घेत हळूहळू पुढे सरकतं. आता यकृताचा वरचा घुमट बघा. सीटी सेकंदभरात झालं, पेशंटने तेव्हा श्वास खोल घेतला असेल तर डायफ्रॅम खाली गेलेला. पेट मात्र दोन मिनिटं चाललेल्या श्वासाची सरासरी. त्यामुळे पेटमध्ये जिथे यकृताचा घुमट आहे तिथे सीटी म्हणतं फुफ्फुस आहे, तिथली दुरुस्ती कमी पडते, आणि यकृताच्या डोक्यावर केळ्याच्या आकाराची एक फिकट पट्टी उमटते. घुमटावरची गाठ फ्यूज्ड, म्हणजे पेट आणि सीटी एकावर एक ठेवलेल्या, चित्रात फुफ्फुसात बसलेली दिसू शकते. टेक्नॉलॉजिस्टना हे रोजच्या ओळखीचं असतं, त्यांना विचारा, ते पेपरपेक्षा चांगलं दाखवतात. मोशन करेक्शन हा पीएचडीचा एवढा मोठा विषय का आहे ते त्या पट्टीकडे बघून कळतं.

दुसरी पायरी: कागदावर दोन पिक्सेल

रेषांवरच्या बेरजांवरून चित्र काढायचं रॅडॉनचं गणित १९१७ चं, फिल्टर्ड बॅक प्रोजेक्शन त्यावर उभं, ते समजून घ्या पण तिथे फार रेंगाळू नका. जिथे थांबायचं ती जागा म्हणजे एमएलईएम, चित्राचा अंदाज करून तो मोजलेल्या आकड्यांशी ताडत फेरीफेरीने सुधारायची पद्धत. शेप आणि वार्डी यांचा १९८२ चा पेपर, आणि त्याला वेगवान करणारा हडसन आणि लार्किन यांचा ओसेम १९९४ चा. आजही क्लिनिकल मशीनमध्ये बहुतेक ठिकाणी याचंच कुठलंतरी रूप चालतं.

कोड लिहायच्या आधी हे हाताने करा. दोन पिक्सेल घ्या, अ आणि ब. तीन रेषा. पहिली फक्त अ मधून जाते, दुसरी फक्त ब मधून, तिसरी दोन्हींमधून. मोजलेले आकडे ६, २ आणि १०. नॉइज आहे म्हणून ६ आणि २ ची बेरीज ८ येते पण तिसऱ्या रेषेवर १० मिळालेत, खऱ्या डेटात असंच असतं. सुरुवात दोन्ही पिक्सेल १ धरून करा. मग रेषांवर अपेक्षित आकडे येतात १, १, २. मोजलेल्याला अपेक्षितने भागा, ६, २, ५. आता हे गुणोत्तर मागे टाका. अ वर पहिली आणि तिसरी रेषा आहे, ६ अधिक ५ म्हणजे ११, अ ची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे इथे त्यातून जाणाऱ्या रेषा, २, म्हणून ५.५. ब ला २ अधिक ५ म्हणजे ७, भागिले २, ३.५. पहिल्या इटरेशननंतर चित्र ५.५ आणि ३.५. दुसऱ्यानंतर साधारण ६.०६ आणि २.९४. तिसऱ्यानंतर ६.३६ आणि २.६४. जायचंय कुठे, तर ६.७५ आणि २.२५ ला, आणि पोचायला किती वेळ लागतोय ते दिसतंय ना. आणखी एक गोष्ट पडताळून बघा. प्रत्येक इटरेशननंतर तीन रेषांवरच्या अपेक्षित आकड्यांची बेरीज १८ च येते, मोजलेल्यांची बेरीजही १८. बॅकग्राउंड धरलेलं नसेल तेव्हा एमएलईएममध्ये हे होतंच, म्हणून पुढे मोठा कोड लिहाल तेव्हा ही पहिली तपासणी. बेरीज जुळली नाही की प्रोजेक्टर (चित्रावरून रेषांचे आकडे काढणारा भाग) आणि बॅक-प्रोजेक्टर (ते चित्रात मागे टाकणारा भाग) एकमेकांचे ट्रान्सपोज नाहीयेत असं समजा आणि तिथेच शोधा.

दुसरं म्हणजे इटरेशन वाढवत नेलं की चित्र डेटातल्या नॉइजलाही चिकटायला लागतं, दाणेदार होतं. म्हणून हॉस्पिटलमध्ये ओसेमची दोन-चार इटरेशन करून थांबतात आणि वरून फिल्टर मारतात. त्याऐवजी मॉडेलमध्येच गुळगुळीतपणाची अट घालायची, म्हणजे प्रायर, आणि हायब्रिड मशीनमध्ये तो प्रायर शेजारच्या सीटी-एमआरमधून आणायचा. तुमची पीएचडी बहुधा याच वाक्याच्या आसपास कुठेतरी असेल.

तिसरी पायरी: कोड

पायथन येत असेल तर सायकिट-इमेजमध्ये शेप-लोगन फँटम (डोक्याचं नकली चाचणी-चित्र) आणि रॅडॉन दोन्ही तयार मिळतात, त्यावर एमएलईएम स्वतः लिहा, पॉयसाँ नॉइज घाला, बघा काय होतं. एक काळजी घ्या. ज्या प्रोजेक्टरने डेटा बनवला त्यानेच रिकन्स्ट्रक्ट केलं की निकाल खोटा सुंदर येतो, मॉडेलच्या चुका दिसतच नाहीत. डेटा बारीक ग्रिडवर बनवा, रिकन्स्ट्रक्शन जाड ग्रिडवर करा.

मग खऱ्या सॉफ्टवेअरवर जा. स्टर हे पेटसाठीचं जुनं, भरवशाचं ओपन-सोर्स पॅकेज आहे, आणि त्याच्यासकट एमआरचं गॅजेट्रॉन एकत्र बांधून केलेलं सर्फ, जे मुद्दाम पेट-एमआरच्या एकत्र रिकन्स्ट्रक्शनसाठी लिहिलंय. त्याच्याबरोबर ज्युपिटर नोटबुकमध्ये एक्सरसाइज येतात, त्या क्रमाने सगळ्या करा, अर्धवट सोडू नका. डॉकरमधून इन्स्टॉल करा, सोर्समधून बिल्ड करण्यात पहिल्याच आठवड्यात जीव मेटाकुटीला येतो आणि त्यातून शिकायला काही मिळत नाही. मोंटे कार्लो सिम्युलेशनसाठी गेट आहे, जीएंट-४ वर चालणारं, पण ते वर्षभरानंतर बघा. मशीनबद्दल म्हणाल तर साधा जीपीयू असलेला डेस्कटॉप सुरुवातीला पुरतो.

पुण्यात शिकायचं कुणाकडून

हा माझा आवडता भाग आहे. पेटवाला ग्रुप शोधत बसण्यापेक्षा इनव्हर्स प्रॉब्लेम, म्हणजे मोजमापावरून मूळ गोष्ट शोधायचं गणित, रोज सोडवणारी माणसं शोधा, आणि ती पुण्यात भरपूर आहेत. एमएलईएमचं समीकरण आणि खगोलशास्त्रातलं रिचर्डसन-लूसी डीकन्व्होल्यूशन हे एकच आहे, रिचर्डसनचा पेपर १९७२ चा, लूसीचा १९७४ चा, म्हणजे पेटवाल्यांच्याही आधीचे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, त्या आकाशाच्या फूरिये रूपाचे तुटक नमुने गोळा करतात, आणि एमआर स्कॅनरही के-स्पेसमध्ये, म्हणजे चित्राच्या फूरिये रूपात, हेच करतो. अपुऱ्या नमुन्यांतून चित्र कसं काढायचं, चुकीच्या कॅलिब्रेशनचे पट्टे कसे ओळखायचे, हे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीआरए आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थांतली मंडळी वर्षानुवर्षं करतायत. तिथली व्याख्यानं, शाळा, स्टुडंट प्रोग्रॅम यांच्यावर लक्ष ठेवा. रेडिओ अॅस्ट्रॉनॉमीवर तीन महिन्यांचा प्रोजेक्ट केलेला विद्यार्थी पेट-एमआरच्या मुलाखतीला कमजोर ठरत नाही, उलट चांगल्या गाइडला ते लगेच कळतं.

लिनिअर अल्जिब्रा आणि ऑप्टिमायझेशनची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात किंवा जयकर ग्रंथालयात बसून वाचा. पॅरलल प्रोग्रॅमिंगसाठी सी-डॅकचे कोर्स आहेत. एवढं पुरे.

डेटा: इथेच बहुतेकांची गाडी अडते

हॉस्पिटलने सीडीत दिलेल्या डायकॉम इमेजेस रिकन्स्ट्रक्शनच्या कामाच्या नाहीत. त्या तर तयार झालेल्या इमेजेस. तुम्हाला लागतो कच्चा डेटा, म्हणजे लिस्ट-मोड (एकेक नोंद क्रमाने) किंवा सायनोग्राम (रेषांप्रमाणे मांडलेल्या बेरजा), त्याच्याबरोबर त्या दिवसाची नॉर्मलायझेशन फाइल (डिटेक्टरांमधला फरक भरून काढणारी), अॅटेन्युएशनचा नकाशा आणि स्कॅनरची भूमिती. एकही कमी असेल तर उरलेलं पडून राहतं. त्यातून बिझी विभागात कच्चा डेटा जागा भरली की काढून टाकतात, आणि फाइलचा फॉरमॅट कंपनीचा स्वतःचा असतो, तो उघडायला कंपनीशी रिसर्च अॅग्रीमेंट लागू शकतं, ज्यात महिने जातात. म्हणून विषय ठरवायच्या आधी गाइडला स्पष्ट विचारा, कच्चा डेटा कुठून येणार, करार झालाय का, एथिक्स कमिटीची मंजुरी कुणाच्या नावावर आहे. उत्तर "बघू, मिळेल" असं आलं तर विषय सिम्युलेशन आणि फँटमवर, म्हणजे पेशंटऐवजी स्कॅन करायच्या चाचणीच्या नमुन्यावर, उभा राहील असाच आखा, पेशंट डेटा मिळाला तर बोनस.

तोपर्यंत उघड्यावर बरंच आहे. झेनोडो या डेटा साठवणाऱ्या वेबसाइटवर सीमेन्सच्या एमएमआर या पेट-एमआर मशीनवर घेतलेला, नेमा या प्रमाणित फँटमचा कच्चा डेटा आहे, सर्फच्या एक्सरसाइज त्यावरच चालतात. मेंदूच्या सिम्युलेशनला ब्रेनवेब. एमआरचा के-स्पेस डेटा फास्टएमआरआयमध्ये. आणि एक युक्ती, जी फारसं कुणी वापरत नाही. हॉस्पिटलमध्ये क्वालिटी टेस्टसाठी फँटम स्कॅन करतातच, त्याचा कच्चा डेटा जपून ठेवाल का असं मेडिकल फिजिसिस्टना आधीच विचारून ठेवा. त्यात पेशंट नाही, त्यामुळे संमतीचा प्रश्न नाही, आणि आतल्या गोळ्यांचे आकार माहिती असतात. नेमाच्या इमेज क्वालिटी फँटममध्ये ते १०, १३, १७, २२, २८ आणि ३७ मिलिमीटरचे. पेशंटचा डेटा मिळालाच तर हॉस्पिटलच्या आतच नावं, नंबर, जन्मतारखा काढून मग बाहेर आणायचा, स्वतःच्या लॅपटॉपवर तसाच घेऊन यायचा नाही, यात कुठलीही सूट नाही. त्या माणसाने आजारपणात आपल्यावर विश्वास टाकलाय.

विषय कसा निवडायचा

चार दिशा मला आज जिवंत वाटतात. श्वासाचं मोशन, जे वर आलंच. एमआरवरून अॅटेन्युएशन काढणं, किंवा टाइम-ऑफ-फ्लाइट पेट डेटामधूनच अॅक्टिव्हिटी (औषध कुठे किती) आणि अॅटेन्युएशन एकत्र काढणं. तिसरी म्हणजे एमआर-सीटीच्या कडा वापरून पेट सुधारणं, आणि चौथी डीप लर्निंग.

तिसरीबद्दल थोडं जास्त सांगते. बाउशर प्रायरची कल्पना साधी आहे. पेटच्या एका व्हॉक्सेलचे, म्हणजे त्रिमितीय पिक्सेलचे, शेजारी निवडताना एमआरमध्ये जे त्याच्यासारखे दिसतात तेवढेच घ्यायचे आणि फक्त त्यांच्याशी गुळगुळीत करायचं, म्हणजे एमआरमधली कड पेटमध्ये फासली जात नाही. चित्र बघून डोळे सुखावतात. पण जी गाठ एमआरमध्ये दिसतच नाही, फक्त पेटमध्ये उजळते, ती याच प्रायरखाली दबून जाऊ शकते, आणि पेट स्कॅन तर अशाच गाठीसाठी केलेला असतो. त्यामुळे तुमच्या सिम्युलेशनमध्ये मुद्दाम एक गाठ अशी घाला जी एमआरमध्ये नाही, दुसरी अशी घाला जी फक्त एमआरमध्ये आहे, आणि एमआरचं चित्र दोन-तीन मिलिमीटर सरकवून पुन्हा चालवा. या तीन परीक्षा न देता छापलेली पद्धत मी तरी मनावर घेत नाही.

डीप लर्निंगलाही हेच लागू. अंतुन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की रिकन्स्ट्रक्शन करणारी काही नेटवर्क्स डेटातल्या अगदी बारीक बदलानेही चित्र भलतंच बदलतात. नेटवर्क वापरा, पण इटरेशनच्या आत, जिथे प्रत्येक फेरीत मोजलेल्या डेटाशी पुन्हा गाठ पडते.

निकाल मोजताना एका चित्राचा पीएसएनआर, म्हणजे मूळ चित्राशी किती जुळतं त्याचा एक आकडा, देऊन मोकळं होऊ नका. नॉइजच्या बऱ्याच वेगवेगळ्या प्रती बनवा, प्रत्येकीवर रिकन्स्ट्रक्शन करा, आणि १० मिलिमीटरच्या गोळ्यात सरासरी किती कमी येते आणि आकडा किती हलतो ते एकाच आलेखावर काढा. तुमची पद्धत आणि ओसेम यांची तुलना सारख्या नॉइजला करायची, नाहीतर जास्त गुळगुळीत चित्र जिंकल्यासारखं वाटतं. मग न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना कुठलं कुठलं आहे ते न सांगता दाखवा.

गाइड, फेलोशिप, अर्ज

भारतात करायचं तर नेट-जेआरएफ किंवा गेट, म्हणजे यावेळी परीक्षावालं गेट, काढून ठेवा. जेआरएफला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, पुढे एसआरएफला ४२,०००, शिवाय घरभाडं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि कोर्सवर्क. मुंबई आणि बेंगळुरूला, म्हणजे आयआयटी आणि आयआयएससीत, मेडिकल इमेज रिकन्स्ट्रक्शनवर काम चालतं. पुण्यातच राहायचं असेल तर एक गाइड गणित किंवा इमेजिंगचा आणि एक को-गाइड हॉस्पिटलमधला अशी जोडी जमवा, एकाच्या भरवशावर हा विषय पुढे जात नाही.

बाहेर जायचं असेल तर युरोपातल्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जागा बघा. तिथे पगार असतो, आणि अट अशी की ज्या देशात जायचंय तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने राहिलेलं नसावं, त्यामुळे इथून थेट जाणाऱ्यांना ती अडत नाही.

गाइडला ईमेल करताना "रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी मच इंटरेस्टेड" एवढ्यावर थांबू नका. त्यांचा एक पेपर नीट वाचा, त्यातल्या एका आकृतीसारखं काहीतरी स्वतः ब्रेनवेबवर करून बघा, कोडची लिंक द्या, आणि कुठे जुळलं नाही तेही लिहा. अशी ईमेल अर्ध्या पानाची असली तरी पुरते. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण करा, आणि तोपर्यंत दुसऱ्या गाइडचा पेपर वाचायला घ्या.